‘पाच वापरकर्ते पुरतात’ हे अर्धेच खरे

‘कुठल्याही ॲपची चाचणी ५ जणांवर घेतली की वापरताना अडवणारे ८५ टक्के दोष सापडतात,’ असे सर्रास सांगितले जाते. आकडा खरा आहे, पण त्याची अट गळून पडली आहे. वापरसुलभतेचे संशोधक जेकब नील्सन आणि टॉमस लँडॉअर यांच्या १९९३ च्या गणितात एका वापरकर्त्याकडून सरासरी ३१ टक्के दोष उघड होतात, असे धरले आहे. हेच प्रमाण १० टक्के असेल, तर पाच जणांत जेमतेम ४१ टक्के दोष दिसतील. शिवाय नील्सन यांनी २००० साली सुचवले ते वेगळेच: पंधरा जण एकदम बसवण्याऐवजी पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या घ्या, मधे दुरुस्ती करा. नेमके हेच विसरले जाते, याचे फार वाईट वाटते. रुग्ण आणि डॉक्टर असे भिन्न गट असतील, तर प्रत्येकातून तीन-चार जण हवेत.