भाऊजी, ही कारकुनी नाही

रविवारी घरच्या ग्रुपवर भाऊजींनी एक फॉरवर्ड टाकला: 'मुलींनो, संख्याशास्त्र शिकून आरोग्य क्षेत्रात जाऊ नका.' कारणं चार. काम कारकुनीचं, डॉक्टर नसाल तर किंमत शून्य, नोकरी कायमची नाही आणि आता तर सगळं एआयच करणार. लगेच डोंबिवलीहून भाचीचा मला वेगळा मेसेज: "मावशी, मग एमएस्सीचा फॉर्म भरू की नको?" मी वीसेक वर्षं हेच काम करतेय. गप्प बसवेना.

कारकुनीचं आधी, कारण तेच डोक्यात गेलं. सर्वेक्षणाचे फॉर्म कधी पाहिलेत? वयाच्या रकान्यात 40, 45, 50 यांची नुसती जत्रा. 47 किंवा 52 शोधून सापडत नाहीत. बाईला जन्मतारीख ठाऊक नसते, मग लिहिणारी जवळचा गोल आकडा टाकते. कारकून तो चढवून मोकळा होईल. आम्ही फॉर्म परत पाठवतो: 1982 च्या गिरणी संपात ती स्वतः केवढी होती, विचारून या.

कशाला एवढं? टाटा मेमोरियलने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. एकूण 20 विभाग. त्यातले 10 चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले आणि तिथे प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, हाताने स्तनतपासणी केली. वीस वर्षांचे निष्कर्ष 2021 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. उरलेल्या 10 विभागांच्या तुलनेत पन्नास आणि पुढच्या वयाच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी. सगळ्या वयांत मिळून घट 15 टक्के, पण ती निव्वळ योगायोगही असू शकते, म्हणून तिच्यावर दावा नाही. म्हणजे अख्खा निकाल पन्नाशीच्या रेषेवर उभा. तिथे 47 ची बाई कागदावर 50 ची झाली तर? आणि यातली कुठली घट खरी मानायची, हे कोण ठरवतं? तुमचा कारकून?

डॉक्टर नसण्याचं म्हणाल, तर देवनारची आयआयपीएस, म्हणजे लोकसंख्येचा अभ्यास शिकवणारी संस्था, 1956 पासून उभी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण 1992-93 पासून तीच सांभाळते. तिथे जीवसांख्यिकी, म्हणजे आरोग्याचं संख्याशास्त्र, शिकायला एमबीबीएस लागत नाही.

नोकरीचं, बरं, अर्धं खरं आहे. प्रकल्पावरच्या जागा कंत्राटी असतात, पैसे संपले की आपणही संपलो. मी दोनदा घरी बसलेय, ताईला माहीत आहे. पण हे फॉरवर्ड फक्त मुलींनाच का? मुलांना कंत्राट चालतं?

एआयला 50 दिले की तो 50 च धरणार. संपाची आठवण काढायला त्याला गोवंडीच्या गल्लीत कोण पाठवणार आहे?

भाचीला म्हटलं, फॉर्म भर, आणि जन्मतारीख नीट टाक. तुझे बाबा तीन वर्षं सगळीकडे वय 60 च लिहितायत.