इंग्रजीच्या तासाला शर्टाचं लेबल कशाला?

‘मुलांना धड टेन्स येत नाहीत आणि इंग्रजीच्या तासाला फास्ट फॅशन शिकवतात. हे श्रीमंत देशांचं दुखणं. स्वस्त कपड्यांवर लाखो गरिबांची चूल पेटते. आणि जुने कपडे आपण दान करतोच की!’ पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या हा मजकूर फिरतोय. मी डिचोली तालुक्यात इंग्रजी शिकवते, त्यामुळे उत्तर देणं आलंच. फास्ट फॅशन म्हणजे स्वस्तात, झटपट शिवलेले आणि थोडे दिवस वापरून टाकायचे कपडे.

आधी टेन्स. गोव्यातल्या सरकारी प्राथमिक शाळा मराठी किंवा कोकणी माध्यमाच्या, आणि पाचवीत गेलं की बहुतेकांचं माध्यम एकदम इंग्रजी. या मुलांना नियम पाठ असतात, बोलायला काही नसतं. घरून एक कपडा आणा म्हटलं की मागच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा मुलगाही कॉलर उलटून वाचतो: ‘मेड इन बांगलादेश. 65% पॉलिएस्टर, 35% कॉटन.’ पॅसिव्ह व्हॉइस आयताच हातात येतो. शर्ट शिवला गेला, ठीक. पण कोणी शिवला? लेबलावर ते नसतं. ‘बाय’च्या पुढे काय लिहायचं यावरून वर्गात जी हमरीतुमरी होते, ती व्याकरणाच्या पुस्तकाने मला कधी मिळवून दिलेली नाही.

मोठ्या वर्गांना पास्ट परफेक्ट शिकवायचा तर मी ढाक्याजवळच्या साव्हारमधली राना प्लाझा घेते. 24 एप्रिल 2013 रोजी ही आठ मजली इमारत कोसळली आणि 1,100हून जास्त माणसं गेली. आदल्याच दिवशी इमारतीला तडे गेले होते. इमारतीतल्या बँकेने आपले कर्मचारी घरी पाठवले होते. गारमेंट कारखान्यांनी मात्र कामगारांना सकाळी परत बोलावलं. आधी काय घडलं होतं आणि मग काय घडलं, हा क्रम चुकला तर दोष कोणाचा हेच कळत नाही. ‘हॅड’ कशाला लागतो, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

श्रीमंत देशांचं दुखणं? तमिळनाडूतलं कपड्यांच्या कारखान्यांचं शहर तिरुप्पूर काही युरोपात नाही. तिथल्या रंगाई कारखान्यांच्या पाण्याने नोय्यल नदी इतकी नासली, की शेतीसाठी बांधलेल्या ओरत्तुपाळयम धरणातलं पाणी शेतात नको, असं शेतकरीच म्हणू लागले. 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला ते कारखाने बंद करायला सांगावं लागलं.

चुलीचा मुद्दा खरा आहे, आणि कारखाने बंद करा असं वर्गात कोणी शिकवत नाही. पण राना प्लाझाच्या वेळी बांगलादेशात शिवणकामाचं किमान वेतन महिन्याला 3,000 टका होतं. दुर्घटनेनंतर ते 5,300 टका झालं, मोठ्या ब्रँडांना इमारत-सुरक्षेच्या बंधनकारक करारावर सह्या कराव्या लागल्या, तरी बांगलादेशाचा धंदा बुडाला नाही. तो आजही जगातल्या तयार कपड्यांच्या मोठ्या निर्यातदारांत आहे. चूल आणि जीव यांतलं एकच निवडा, ही अट घातली कोणी?

दानाबद्दल बोलायचं तर, दिलेला कपडा कोणीतरी घालतोच हे आपण गृहीत धरतो. घानातल्या अक्राचा कांतामांतो बाजार परदेशांतून आलेल्या जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यांवर चालतो, आणि त्यातला न विकणारा माल गटारांत नि समुद्रकिनाऱ्यावर जातो. चिलीच्या अटाकामा वाळवंटात तर कपड्यांचे ढीगच आहेत. आपल्याकडे पानिपतला परदेशी जुने कपडे पिंजून त्यांच्या सुताची ब्लँकेटं होतात, पण तेही किती पुरणार? आजीच्या सुती लुगड्याची गोधडी व्हायची. दोन धुण्यांत गोळे येणाऱ्या पॉलिएस्टर टॉपचं काय करणार, फडकं म्हणूनही तो पाणी टिपत नाही.

त्या मजकुरात शेवटी एक ओळ आहे, ‘पोरांना उगाच अपराधी वाटतं.’ इथे मी पालकांच्या बाजूने आहे. ‘तुझ्याकडे किती कपडे आहेत?’ हा प्रश्न वर्गात विचारूच नये. एकाकडे कपाट असतं, दुसऱ्याकडे दोरीवरचे दोन शर्ट. सत्तरी तालुक्यातून येणारी कितीतरी मुलं थोरल्या भावाचा शर्ट घालतात. त्यांना बचतीचे धडे देणारी मी कोण? त्यापेक्षा त्यांच्याकडून ऐकावं: शर्ट कोणाकडून आला, बटण कोणी लावलं, बाही कोणी आखूड केली. पाच वाक्यं, साध्या भूतकाळात. गणेश चवथीच्या खरेदीला म्हापशाच्या बाजारात गेलात, तर पोराला लेबलं वाचू द्या. दुकानदार जरा वैतागेल, एवढंच.