जबाब काकांचा, बोलतोय पुतण्या

"अपंग माणसाला कोण कशाला त्रास देईल हो?" हे ऐकलं की आता चीडच येते. अमेरिकेच्या न्याय विभागाची 2017 ते 2019 ची आकडेवारी बघा. तिथल्या लोकसंख्येत अपंग व्यक्ती सुमारे 12 टक्के, पण हिंसक गुन्ह्यांत 26 टक्के वेळा बळी त्याच. तिथे मोजतात तरी. आपल्याकडे 2021 साली सर्वोच्च न्यायालयाला एनसीआरबीला, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, सांगावं लागलं की अशी वेगळी नोंद ठेवण्याचा गांभीर्याने विचार करा.

तो निकाल पटन जमाल वली खटल्यातला. आंध्र प्रदेशातली जन्मांध मुलगी. बलात्कार करणारा तिच्या भावांचा मित्र, घरी येणारा-जाणारा. तिने त्याला आवाजावरून ओळखलं. केवळ अपंगत्व आहे म्हणून साक्ष दुबळी ठरत नाही, असं बजावत न्यायालयाने जन्मठेप कायम केली.

येणारा-जाणारा! बहुतेक वेळा हीच गोम असते. आमच्या ओळखीतल्या एका कर्णबधिर काकांची निराधार पेन्शन परस्पर काढली जात होती. त्यांच्यासोबत पोलीस ठाण्यात गेलो, तर हवालदार सगळे प्रश्न सोबत आलेल्या त्यांच्या पुतण्याला विचारत होते. आणि एटीएम कार्ड होतं त्याच पुतण्याच्या खिशात! काका हातवारे करून थकले. शेवटी "घरातलं घरात मिटवा" असा सल्ला मिळाला. फुकट.

कायदा नाही असं नाही. लैंगिक अत्याचार, अ‍ॅसिड हल्ला अशा काही गुन्ह्यांत पीडित व्यक्ती अपंग असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी जाऊन, दुभाषी किंवा विशेष शिक्षकासमोर तक्रार नोंदवायची असते, व्हिडिओसकट. उत्तम. पण चोरी, मारहाण, फसवणूक या तक्रारींना या कलमात अशी सोय नाही. का नसावी? पेन्शन लुटली गेलेल्या माणसाला दुभाषी लागत नाही?

दिव्यांग हक्क कायदा, 2016 चं कलम 7 फारसं कुणाला ठाऊक नसतं. छळ किंवा पिळवणूक होतेय असं वाटलं तर कुणीही, अगदी शेजारीसुद्धा, कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकतो. म्हणजे सहसा तहसीलदारांना.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक ठाण्यात जिल्ह्यातल्या सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांची नावं आणि नंबर भिंतीवर लावा. तुमच्या ठाण्यात अशी यादी असेल तर कमेंटमध्ये फोटो टाका.