अक्काबाईचा शनिवारचा डबा

नवी गाडी घेतलीत? अभिनंदन. हेल्मेट, पीयूसी, टायरमधली हवा ही कामं होतील सावकाश. आधी लिंबू-मिरची.

एक लिंबू, सात हिरव्या मिरच्या, एक बिब्बा (नसेल तर कोळशाचा तुकडा) आणि हातभर काळा दोरा. लिंबू घट्ट, बिनडागाचं बघून घ्या. डागाळलेलं सरबताला ठेवा, ते काय, घरच्या माणसांनीच प्यायचंय. दाभणाने आधी बिब्बा ओवून खाली गाठ मारा, त्यावर लिंबू, मग मिरच्या देठाजवळ टोचून आडव्या. बिब्ब्याचं तेल बोटाला लागलं तर फोड येतात. हा त्या तेलाचाच गुण, पण शेजारी नजर लागली म्हणूनच सांगा, तेवढाच गाडीचा भाव वाढतो. दोऱ्याऐवजी लोखंडी तार नको. लिंबाच्या आम्लाने ती गंजते आणि शनिवार उजाडायच्या आत संरक्षण रस्त्यावर पडतं. माळ नंबरप्लेटवर लोंबू देऊ नका. ट्रॅफिक हवालदाराच्या नजरेवर हिचा उतारा चालत नाही.

चाकाखालच्या लिंबाशी गल्लत नको. ते एकदाच, चिरडायला. 8 ऑक्टोबर 2019 ला, दसऱ्याच्या दिवशी, फ्रान्समध्ये राजनाथ सिंह यांनी पहिल्या राफेलची पूजा केली, तेव्हा त्या चाकांखालीही लिंबं होती. शनिवारची माळ मात्र राफेलला नाही. ध्वनीच्या 1.8 पट वेगात मिरच्या राहायच्या कशा?

आता यामागचं शास्त्र. अक्काबाई, म्हणजे अलक्ष्मी, ही लक्ष्मीची थोरली बहीण. तिला आंबट-तिखट फार प्रिय. ती दाराशी येते, तिथेच खाऊन तृप्त होते आणि आत पाऊल न टाकता परत जाते. म्हणून दर शनिवारी तिला ताजं वाढायचं. जी येऊ नये असं वाटतं, तिच्या आवडीचं ठरल्या वारी, ठरल्या जागी, न चुकता! भटक्या मांजराला एकदा तरी दूध घातलेल्यांना यातली खोच लगेच कळेल. बाजारपेठेत तर महिन्याचे पैसे ठरवून माणूस येतो, जुनी माळ काढतो, नवी टांगतो. खानावळ अक्काबाईची, मेंबर तुम्ही.

निकाल वाचणं सोपं आहे. लिंबू सुकलं तर त्याने नजर शोषली. पावसाळ्यात बुरशी धरली तर नजर जबरी होती. आठवडाभर टवटवीत राहिलं तर नजर जवळ फिरकलीच नाही. चौथा निकाल या परीक्षेत नाही.

कुणी अंधश्रद्धा म्हणालं की व्हॉट्सअ‍ॅपचं शास्त्र काढा: दोरा रस शोषतो, क जीवनसत्त्व हवेत उडतं आणि दुकानभर आरोग्य पसरतं. क जीवनसत्त्व हा घन पदार्थ, वितळायलाच सुमारे 190 अंश सेल्सिअस लागतात. दुकान तितकं तापलं तर मालकाने आधी अग्निशमन दलाला फोन करावा.

जुनी माळ कचऱ्याच्या डब्यात टाकायची नसते. चौकात टाका आणि मागे वळून पाहू नका. जो ओलांडेल त्याला तुमची पिडा. त्याची माळ तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पडलेली असतेच, हिशेब चुकता. ती चुकवायला स्कूटरवाला ऐनवेळी हँडल वळवतो आणि मागच्या टेम्पोला ब्रेक दाबायला वेळ मिळत नाही. टेम्पोच्या बंपरला माळ असते. ताजी असते, शनिवार ना!