‘ताओला ना देव, ना पुजारी’ हा समज खरा नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो. त्याचा सारांश असा: ‘ताओ हा धर्मच नाही. त्यात ना देव, ना देऊळ, ना पुजारी, ना कर्मकांड. लाओ त्झूने छोटंसं पुस्तक लिहिलं आणि सांगितलं, काही करू नका, पाण्यासारखे वाहत राहा. पुढे अडाणी लोकांनी त्यात देव आणि भुतंखेतं घुसवली. आज चीनमध्ये ताओ उरलाय तो पुस्तकातच.’ पाठवणाऱ्याच्या मनात आदरच असतो. पण त्या आदरापोटी चिनी लोकांची जवळपास दोन हजार वर्षांची उपासना आपण केराच्या टोपलीत टाकतो, आणि हे मला सहन होत नाही.

पहिला मुद्दा: देव नाही, पुजारी नाही. सन १४२ मध्ये आजच्या सिचुआन प्रांतातल्या एका डोंगरावर झांग दाओलिंग यांना लाओ त्झूचं दर्शन झालं, असं परंपरा मानते. ते दर्शन एका म्हाताऱ्या विचारवंताचं नव्हतं, देवाचं होतं. पुढे वीस-पंचवीस वर्षांतच, १६५-१६६ च्या सुमारास, हान सम्राट हुआन यांनी लाओ त्झूची राजपूजा केली. झांग यांच्या पंथाचे चोवीस विभाग होते, प्रत्येकाला स्वतःचे पुरोहित होते, आणि त्या पदावर बायकाही असत. घराकडून वर्गणी म्हणून तांदूळ घेतला जाई, त्यावरून लोक त्याला ‘पाच मापं तांदळाचा पंथ’ म्हणत.

त्यांचा आजारपणातला विधी बघा. रोग्याने शांत खोलीत बसून आपल्या चुका आठवायच्या. पुरोहित त्याचं नाव आणि त्याचा कबुलीजबाब लिहून अर्जाच्या तीन प्रती करी. एक डोंगरावर ठेवायची, आकाशासाठी. एक जमिनीत पुरायची. तिसरी पाण्यात सोडायची. आकाश, पृथ्वी आणि जल या तीन दैवी अधिकाऱ्यांकडे रीतसर अर्ज! हे कर्मकांड नाही तर काय? आणि त्याच्या मुळाशी आपल्या वागण्याचा हिशेब आहे. त्याला पोकळ म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

दुसरा मुद्दा: अडाण्यांनी बिघडवलं. हा मला सगळ्यात जास्त खटकतो. ज्या पंथाने ‘देव खात-पीत नाहीत, गुरू पैसे घेत नाहीत’ असा नियम केला आणि पशुबळी नाकारला, त्याच्यावर आपण अंधश्रद्धेचा शिक्का मारतो. लाओ त्झूच्या नावावरचं ते पुस्तकही या पंथात उपासनेचा भाग म्हणून पाठ केलं जाई; त्यावरचं त्यांचं जुनं भाष्य वायव्य चीनमधल्या दुनह्वांगच्या गुहांमध्ये मिळालं. म्हणजे पुस्तक एका बाजूला आणि पूजा दुसऱ्या बाजूला, अशी फाळणी त्यांनी केली नव्हती. ती ठळक केली एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय अभ्यासकांनी आणि मिशनऱ्यांनी. त्यांना प्राचीन ग्रंथ भावले, समोरचा पुरोहित मात्र नकोसा वाटला. आपल्याकडे १९७० च्या दशकात ओशोंनी मुंबई-पुण्यात ताओवर प्रवचनं दिली, आणि अनेक मराठी वाचकांची ताओशी ओळख तिथूनच झाली. त्या ओळखीतही पुरोहित आणि देऊळ जवळपास नव्हतेच.

आणि अडाणी कोण? १४४५ मध्ये मिंग राजवटीत ताओ ग्रंथांचा जो महासंग्रह छापला गेला, त्यात १६०७ ची पुरवणी धरली तर चौदाशेहून जास्त ग्रंथ आहेत. त्यांत विधींची पुस्तकं ढिगाने आहेत. डच अभ्यासक क्रिस्टोफर स्किपर १९६० च्या दशकात तैवानमध्ये ताइनानच्या पुरोहितांकडे शिकले आणि १९६८ मध्ये त्यांनी स्वतः दीक्षा घेतली. या घराण्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्या त्या महासंग्रहातल्या जुन्या मजकुराशी जुळतात, हे त्यांनी दाखवून दिलं. ज्यांना आपण अडाणी म्हणतो त्यांनी परंपरा अशी सांभाळली.

तिसरा मुद्दा: काही करू नका. झ्वांगझी या प्राचीन ताओ विचारवंताच्या ग्रंथात डिंग नावाचा आचारी आहे, राजासमोर बैल कापणारा. साधा आचारी महिन्याला सुरी बदलतो, चांगला वर्षाला. डिंगची सुरी एकोणीस वर्षांची, हजारो बैल कापलेली, तरी धार नव्यासारखी. कारण तो हाडावर घाव घालत नाही, सांध्यातली मोकळी जागा शोधतो. पुढचं वाक्य मात्र फॉरवर्ड करणारे गाळतात: गुंतागुंतीचा सांधा आला की डिंग सावध होतो, नजर रोखतो, हात अगदी सावकाश चालवतो. नुसतं वाहत जाणाऱ्याचं हे वर्णन नाही. आयुष्यभर एकच काम करून हातात मुरलेलं कौशल्य आहे हे. ताओ पुरोहितही सप्तर्षींच्या आकृतीवर ठरलेल्या क्रमाने पावलं टाकत विधी करतो. ते शिकायला वर्षं जातात.

त्या मजकुराखाली बऱ्याचदा एक सुविचार असतो: ‘उदास असाल तर तुम्ही भूतकाळात जगताय.’ लाओ त्झूच्या पुस्तकातल्या एक्याऐंशी प्रकरणांत हे वाक्य कुठेही नाही.

एक गोष्ट मान्य करायलाच हवी. अमर होण्यासाठी पारा आणि हिंगुळ (पाऱ्याचं लाल खनिज) घालून भट्टीत बनवलेली औषधं घेऊन तांग घराण्यातल्या काही सम्राटांनी जीव गमावला. ते लपवायचं कारण नाही. पण पुढे याच परंपरेत भट्टीची जागा श्वास आणि ध्यानाने घेतली, हेही सांगायला हवं.

शेवटचा मुद्दा: ताओ पुस्तकातच उरलाय. चीन सरकारने मान्यता दिलेल्या पाच धर्मांत तो एक आहे. बीजिंगच्या श्वेतमेघ मंदिरात आजही केसांचा बुचडा बांधलेले, ब्रह्मचारी, शाकाहारी असे चुआनझेन पंथाचे साधू राहतात. झंगयी पंथाचे पुरोहित बहुधा लग्न करून घरी राहतात आणि गावकऱ्यांसाठी विधी करतात. माओंच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीत देवळं बंद झाली, साधूंना बाहेर काढलं गेलं. तरीही १९८९ मध्ये श्वेतमेघ मंदिरात दीक्षाविधी पुन्हा सुरू झाला.