आपलंच रक्त, आपलाच खिसा

ताठरता येत नाही? मग थेट पीआरपीच्या, म्हणजे आपल्याच रक्तातला प्लेटलेटयुक्त प्लाझ्मा लिंगात टोचणाऱ्या, क्लिनिकात जा, फॅमिली डॉक्टरकडे मुळीच फिरकू नका. तो बीपी मोजेल, सिगारेटी विचारेल, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड आणि सकाळी अकराच्या आत टेस्टोस्टेरॉन करायला धाडेल. वर, लिंगाच्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांपेक्षा बारीक, त्या आधी तुंबतात, तेव्हा पुढचा नंबर हृदयाचा असू शकतो, असलं अभद्रही बोलेल.

सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, लागू पडलं नाही, हे क्लिनिकात जरूर सांगा. ते मटणाच्या ताटावर, दिवा मालवताना घेतलं आणि एकाच गोळीत निकाल लावला, हे सांगू नका. (हृदयासाठी नायट्रेट चालू असेल तर ती गोळी खरंच घ्यायची नसते, एवढं गंमत सोडून.)

आता पीआरपी. दंडातून रक्त काढतील, रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटच्या नळीत घालून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतील. यंत्र ओळखीचं वाटेल. सकाळी त्यावरच कुणाच्या टकलाचं आणि कुणाच्या गुडघ्याचं काम झालेलं असतं. खाली तांबड्या पेशी, मध्ये पांढुरका पापुद्रा, वर पिवळा प्लाझ्मा. मिनिटाला फेरे किती, हे खुशाल विचारा. रोटरची त्रिज्या विचारू नका, कारण पेशींवर जोर किती पडला हे त्या दोन्हींवरून ठरतं. पहिल्याच फेरीत तो जास्त झाला तर प्लेटलेट तांबड्या पेशींबरोबर तळाशी बसतात आणि सिरिंजमध्ये येतो नुसता प्लाझ्मा. रंग तोच पिवळा, तेव्हा आपल्याला काय कळणार? प्लेटलेट मोजल्या का, हेही विचारायचं नाही. माणूस दुखावतो.

मग बधिर करायचं मलम, बुडाशी पट्टा, बारीक सुई आणि दोन्ही बाजूंच्या कॉर्पोरा कॅव्हर्नोसात, म्हणजे ताठरतेच्या वेळी रक्ताने भरणाऱ्या भागांत, काही मिलिलिटर. काळंनिळं पडलं तर 'औषध काम करतंय' म्हणायचं.

पुरावा मागणारा भेटलाच तर ग्रीसचा २०२१चा अभ्यास तोंडावर फेका: ६० पुरुष, महिन्याच्या अंतराने दोन इंजेक्शनं, सहा महिन्यांनी ६९ टक्क्यांना फरक, खोट्या इंजेक्शनवाल्यांत २७. मायामीचा २०२३चा अभ्यास मात्र त्याच्या कानावर जाऊ देऊ नका. तिथे ६१ पुरुषांत महिन्याभराने पीआरपीवाल्यांपैकी सुमारे ५८ टक्क्यांना फरक, आणि सलाइन टोचलेल्यांपैकी ५४ टक्क्यांना. सलाइनची बाटली किती स्वस्त असते, ते तर बोलूच नका. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशन २०१८पासून या उपचाराला प्रायोगिक म्हणते. आपण 'अत्याधुनिक' म्हणावं.

क्लिनिक निवडताना पाटी बघा. लैंगिक ताकद वाढवण्याच्या जाहिरातीला आपल्याकडे १९५४च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे, म्हणून 'मेन्स वेलनेस' लिहिलेलं दार शोधा. पॅकेज सहाचंच घ्या, सूट मिळते.

आणि ताठरता मोजायचा आयआयईएफ-५ नावाचा पाच प्रश्नांचा, २५ गुणांचा फॉर्म असतो, तो सुरुवातीला भरूच नका. आधीचे गुण कागदावर नसले, की नंतर किती वाढले यावरून क्लिनिकशी वाद घालायची वेळ येत नाही.