आभार मानायचेत, पण भांडून

सध्या मोबाईल उघडला की कुणी ना कुणी आभार मानायला शिकवायलंय. सकाळी उठल्या उठल्या पाच गोष्टी लिहा, श्वास चालू आहे म्हणून थँक्यू म्हणा, पाणी पिताना पाण्याला थँक्यू म्हणा. त्याचे कोर्स निघालेत, वह्या निघाल्यात. पुण्याच्या भाचीनं मला तसली एक वही पाठवलीय, गुलाबी कव्हरची, कागद एकदम भारी, तिच्यात मी सध्या दुधाचा हिशोब लिहिते. (भाची हे वाचणार आहे, रागवू नको गं बाई.) कुणाला त्यानं बरं वाटत असेल, रात्री झोप लागत असेल, तर सोन्याहून पिवळं. पण आभार म्हणजे एकट्यानं बसून मनातल्या मनात वाटून घ्यायची गोष्ट, असं जे या सगळ्यातनं डोक्यात घातलं जातंय ना, ते मला पटत नाही. आमच्याकडं ती हातानं करायची गोष्ट आहे. आणि करताना देवाला चार शब्द सुनवायची मुभा पण आहे, ती तर या कोर्सवाल्यांनी काढूनच टाकलीय.

मी लातूरला मेस चालवते. नीटची, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची पोरं-पोरी जेवायला असतात, नांदेड, परभणी, बीड, पार यवतमाळपर्यंतची. त्यामुळं माझा दिवस भाजीपासून सुरू होतो आणि भाजीपाशीच संपतो. सकाळीच गंजगोलाईत जाते. बाहेरगावच्यांसाठी सांगते, गोलाई म्हणजे १९१७ सालचा गोल बाजार, मधोमध जगदंबेचं देऊळ आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे १६ रस्ते, नवखा माणूस हमखास भलत्याच रस्त्यानं बाहेर पडतो. तिथं एका कोपऱ्यावर एक मावशी बसतात, मेथी, शेपू, चुका, कोथिंबीर घेऊन. पहिलं गिऱ्हाईक मी असले की पूर्वी मी दिलेली नोट त्या आधी भाजीच्या ढिगाला लावायच्या, मग डोळ्याला, मग कपाळाला, मग देवळाकडं तोंड करून हात जोडायच्या आणि नोट गोणपाटाखाली. भवानी झाली! आता नातवानं त्यांना क्यूआर कोडचा पुठ्ठा आणि ते बोलणारं डबडं आणून दिलंय. पैसे पाठवले की डबडं ओरडतं, चाळीस रुपये मिळाले म्हणून, आणि मावशी काय करतात तर डबड्याला हात लावतात, तोच हात मेथीला, मग डोळ्याला, मग कपाळाला. नेटवर्क नसलं की डबडं गप्प. माझ्या मोबाईलवर पैसे गेलेले दिसत असतात, मी दाखवते पण, तरी मावशी हात जोडत नाहीत. "थांब की माय, बोलू दे त्याला आधी." मग आम्ही दोघी त्या डबड्याकडं बघत बसतो, मागं गिऱ्हाईक खोळंबतं. एकदाचं ते बोललं की रीतसर सगळं होतं आणि माझ्या पिशवीत कोथिंबिरीच्या चार काड्या वर पडतात, न मागता.

आता यात श्रद्धा कुठाय म्हणाल तर त्या चार काड्यांत आहे असं मला वाटतं. चुका-मेथी दुपारपर्यंत मान टाकते. बाकीचा ढीग खपेल का उकिरड्यावर जाईल याची कसलीच गॅरंटी नाही, आणि ही बाई पहिल्याच गिऱ्हाईकाला वरकड देऊन मोकळी होते. नफा हातात पडल्यावर दान करणं सोपं आहे हो, हिनं तर अजून मुद्दलाचं तोंड पण बघितलेलं नसतं.

परवा येळवस आहे. पंचांगात तिला वेळ अमावस्या म्हणतात, मार्गशीर्षातली अमावस्या. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला तिचं महत्त्व सांगायची गरज नाही, दिवाळीला गावाकडं न जाणारा माणूस येळवसेला जातो. कलेक्टर सुट्टी देतात, शहरात कर्फ्यू लागल्यासारखं होतं, सगळं लातूर रानात. रानात ज्वारी कमरेला लागलेली, हरभरा घाट्यावर यायला लागलेला. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपटं करायचं, आत चुना लावलेले दगडाचे पाच पांडव मांडायचे, पूजा करायची. आणि भज्जी, म्हणजे सगळं एकत्र शिजवलेली भाजी! ओल्या तुरीचे दाणे, वालाचे दाणे, हरभरा, वाटाणा, शेंगदाणे, मेथी, चुका, चिंच, बेसन, हिरवी मिरची, लसूण, ज्याच्या घरात जी पद्धत असेल तसं. आदल्या रात्री दाणे सोलता सोलता नखं हिरवी होतात. सोबत ताकातली ज्वारीची आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. मग त्यातलंच भज्जी-आंबील घेऊन रानभर चर शिंपायचा, जमिनीला तिचं तिला खायला घालायचं. आणि बांधावरून कुणीही जाऊ द्या, ओळखीचा असो नसो, त्याला हाक मारून बसवायचं, जात कुणी विचारत नाही, निदान त्या दिवशी तरी नाही. (वर्षभर विचारतात, ते वेगळं. त्यावर लिहायला घेतलं तर ही पोस्ट संपायची नाही.)

आमच्या आज्जीसासूबाई होत्या, औसा तालुक्यातल्या. त्यांचं माहेर किल्लारीच्या पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तिथं भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, लोक गणपती बुडवून, नाचून दमून झोपलेले. जवळपास दहा हजार माणसं गेली. त्यात त्यांचा भाऊ, भावजय, भावाची लेकरं, सगळं गेलं. त्या दिवसानंतर त्यांनी गणपतीपुढं हात जोडले नाहीत. घरात गणपती बसायचा, आरती व्हायची, त्या उठून गोठ्यात जाऊन बसायच्या. कुणी कधी त्यांना बोललं नाही, मोठ्या सासऱ्यांनी पण नाही. पण येळवस त्यांनी एकदा सुद्धा सोडली नाही. भज्जीची चव त्यांच्या हातचीच. आणि रोजची पहिली भाकरी तव्यावरून उतरली की तिचे दोन तुकडे, एक गाईला, एक दारातल्या कुत्र्याला, मग बाकीच्यांना. नवीन नवीन लग्न झालेलं तेव्हा मी एकदा विचारलं, आज्जी, तुमचं देवाशी बोलणं बंद आणि हे सगळं कुणासाठी? तर म्हणाल्या, "त्याचं माझं भांडण हाय, कुत्र्यानं काय केलंय?"

एवढं बोलून त्या भाकरी थापायला लागल्या, पण मी आजपर्यंत जितकी कीर्तनं-प्रवचनं ऐकली त्यात याच्या तोडीचं वाक्य मला सापडलेलं नाही.

त्या भूकंपानंतर म्हणे शहाणी माणसं सांगत फिरायची की पाप वाढलं म्हणून असं झालं. मला याची अजूनही चीड येते. माणसं मेली ती पापानं नाही, दगड-मातीच्या हातभर रुंद भिंती होत्या, छतावर मातीचा थर, सगळं झोपेतल्या माणसांच्या अंगावर आलं. उन्हाळ्यात थंडावा देणारी तीच भिंत. यात देवाची काय शिकवण होती ते ज्याला कळलं त्यानं आज्जींसमोर येऊन सांगायला पाहिजे होतं.

आणि आता त्याचंच गोड रूप आलंय, "जे होतं ते चांगल्यासाठीच होतं". यंदा, २०२५ च्या सप्टेंबरात पुरानं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. मांजरा, तेरणा, सीना, एकाही नदीनं काही ठेवलं नाही. आमच्या दिराचं काढायला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं, शेंगांतच मोड आले. नदीकडच्या तुकड्यात तर वरची मातीच खरडून गेली, खाली नुसता मुरूम. सोयाबीनचं एक वेळ पुढच्या साली बघता येतं, माती कुठून आणायची? आणि पाहुण्यातला एक जण, शहरात राहणारा, येऊन सांगतो, भाऊ, यातनं पण काहीतरी चांगलं निघेल, जे आहे त्याबद्दल कृतज्ञ रहा. दिरानं त्याला चहा पाजला आणि वाटंला लावलं, मी असते तर चहा पण नसता दिला. दिरानं त्या दिवशी बांधावर उभं राहून वरुणराजाला अशा शिव्या दिल्या की इथं टाईप करता यायच्या नाहीत. आणि संध्याकाळी हात-पाय धुऊन देवापुढं दिवा पण लावला. दोन्ही खरं होतं, दाखवायला काही नव्हतं.

हे बाहेरच्याला दुटप्पी वाटेल. पण आमच्या भागात देव म्हणजे घरातला कर्ता माणूस धरलाय, त्याच्याकडून लाड पण करून घ्यायचे आणि चुकला तर जाब पण विचारायचा. पाऊस लांबला की कितीतरी गावांत महादेव कोंडतात. म्हणजे गाभाऱ्याचा उंबरा मातीनं बंद करायचा आणि घरटी घागरी आणून आत ओतायच्या, पिंड बुडेपर्यंत. घे, आता तुझ्या नाकातोंडात जाऊ दे पाणी, मग कळेल! प्यायला पाणी नसताना त्या घागरी आणायच्या हा त्यातला वेडेपणा आहेच, मी नाही म्हणत नाही. पण त्यात लाचारी नाही. आणि गंगाखेडच्या जनाबाईनं तर विठ्ठलाला सरळ शिव्या घातल्यात, त्या आपण अभंग म्हणून गातो. तिच्यापुढं कुणी गुलाबी वही ठेवली असती तर बिचारीनं त्याची पानं जात्याखाली घातली असती.

पेरणी म्हणजे श्रद्धा, असं पण भाषणात लई जण म्हणतात. टाळ्या पडतात. ज्याच्यावर सोसायटीचं कर्ज आहे आणि ज्याला दुसरं काही येत नाही तो पेरणार नाही तर काय करणार? त्याला श्रद्धा म्हणून गोंजारणं म्हणजे पिकाच्या भावाचं आणि विम्याचं बोलायला नको म्हणून काढलेली पळवाट आहे. स्पष्ट बोलते, राग आला तर येऊ द्या.

२०१६ ला मी मेस नुकतीच सुरू केली होती. लातूरकरांना तो उन्हाळा आठवत असेल, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावलेली, मांजरा धरण कोरडंठाक, हेच धरण जे यंदा दरवाजे उघडून सोडावं लागलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, १० वाघिणी, साधारण ५ लाख लिटर. नंतर ५० वाघिणींची यायला लागली. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी टँकर आल्यावर पहिल्या घागरीला हळद-कुंकू लावलं होतं. मिरजेच्या लोकांचे उपकार आहेतच, रेल्वेत रात्रंदिवस राबलेल्यांचे पण, मी अजून मिरजेचं कुणी भेटलं की चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. पण म्हणून धरण का आटलं, पाण्याची बोंब असलेल्या पट्ट्यात ऊस किती, कारखाने किती, हे विचारायचं नाही असं थोडंच आहे? हळद-कुंकू लावायचं आणि प्रश्न पण विचारायचा. नुसतं समाधानी माणूस पुढाऱ्यांना लई आवडतो, ते एक लक्षात ठेवा.

बाकी रोजचं म्हणाल तर माझ्या मेसमध्येच सगळं बघायला मिळतं. परभणीकडचा एक रिपीटर पोरगा आहे, जेवायच्या आधी पोळीचा तुकडा ताटाच्या कडंला ठेवतो आणि जाताना खिडकीच्या कट्ट्यावर टाकतो, चिमण्यांना. का रे विचारलं तर म्हणे, आज्जा करायचा काकू, मला काय म्हाईत न्हाई. दिवसभर बायोलॉजी पाठ करणारं पोरगं! एक मुस्लीम पोरगी आहे, ती तोंडातल्या तोंडात बिस्मिल्ला म्हणते, मला फक्त ओठ हललेले दिसतात. आणि एक आहे तो यातलं काहीच करत नाही, देव-बिव मानत नाही असं पहिल्याच दिवशी सांगून टाकलेलं, पण ताट असं चाटून-पुसून ठेवतो की भांडेवाल्या ताई म्हणतात याचं ताट घासायचं काय आणि ठेवायचं काय. वर ते उचलून मोरीत नेऊन ठेवतो, दुसऱ्या कुणाचं राहिलं असेल तर ते पण. माझ्या हिशोबात तिघं पण एकाच रांगेत बसतात. चौथा एक आहे, कपाळाला भलंमोठं गंध, स्टेटसला रोज भक्तीचं काहीतरी, आणि निम्मी भाजी ताटात टाकून उठतो. त्याच्या आईशी मी बोलणार आहे.

तर परवा मेस बंद. पोरांना टेंपोत घालून रानात न्यायचं ठरवलंय. दिराचं यंदा काही खरं नाही म्हणून येळवस घरातल्या घरात करू असं आम्ही म्हणत होतो, तर तोच म्हणाला, वहिनी, जेवढं रान ऱ्हायलंय तेवढ्याची तरी करू, आणि पोरं घेऊन या, गर्दी पाहिजे. टेस्ट सिरीज आहे म्हणून दोघं कुरकुर करायलेत, त्यांना मी बघते. त्यांच्या आई-वडलांनी काळजी करू नये, सातच्या आत रूमवर सोडते. फक्त आंबील पिऊन लई झोप येते, त्या रात्री अभ्यास होणार नाही, नंतर मला फोन करायचे नाहीत. आणि लातूरमधलं कुणी एकटं असेल, रान नसेल, गाव लांब असेल, तर कमेंटमध्ये नुसतं येतो म्हणा. टेंपोत जागा आहे. येताना चुक्याच्या दोन जुड्या तेवढ्या आणा, मावशीकडचा आज संपला होता.